पोटखराब्यातला पिवळा भेक

जमिनीची मोजणी करणाऱ्या माणसांनी आपल्या भाषेला काही शब्द मोठे नेमके दिले आहेत. ‘पोटखराबा’ हा त्यांतलाच एक. शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर जेवढे क्षेत्र लागवडीस येत नाही, तेवढे या नावाखाली मांडले जाते. खडक, नाला, कातळ, ज्यातून दाणा निघत नाही ते सारे पोटखराबा. मी राहतो त्या गुरुग्रामकडे, हरियाणाच्या महसुली दप्तरात, याच अर्थाचा पण अधिक निकराचा शब्द आहे : ‘गैरमुमकिन पहाड’. ज्यावर शेती होणे शक्यच नाही, असा डोंगर. हे शब्द खोटे नाहीत. शेतसारा कोठे बसवावा आणि कोठे बसवू नये, एवढे ठरवण्यापुरते ते अगदी खरे आहेत. घोटाळा होतो तो पुढे. सारा आकारण्यासाठी काढलेला शब्द आपण जमिनीचे एकंदर मोल ठरवण्यासाठी वापरू लागतो, आणि ‘पिकत नाही’ याचा अर्थ ‘काही नाही’ असा करून बसतो.

आज मला आपल्याशी बोलायचे आहे ते असल्याच एका न पिकणाऱ्या खडकाविषयी आणि त्यावर राहणाऱ्या, हाताच्या तळव्यावर सहज मावेल अशा एका प्राण्याविषयी. तो खडक मात्र दिल्लीकडचा नव्हे. तो आहे आपल्या सह्याद्रीत, सिंधुदुर्ग जिल्ह्यात, सावंतवाडी तालुक्यातील आंबोलीस.

आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंचीवर, घाटमाथ्याच्या अगदी कडेला आहे. अरबी समुद्रावरून आलेला पावसाळी वारा या कड्यावर येऊन आदळतो आणि आपले सारे ओझे तेथेच टाकतो. वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस तेथे पडतो. गुरुग्रामात पडतो त्याच्या जवळजवळ दहापट म्हणा. या पावसावर आंबोलीचे दाट सदाहरित रान पोसले आहे. पण या रानाच्या मधूनमधून, वर झाडाचे छत्र नसलेली सपाट, काळपट तांबूस खडकाची मैदाने लागतात. कोकणी माणूस त्यांना ‘सडा’ म्हणतो. दख्खनच्या अग्निजन्य खडकावर लक्षावधी वर्षे ऊन आणि पाऊस यांचा मारा झाला, विरघळणारे ते वाहून गेले, आणि लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे राहिली. त्यांचा हा जांभा दगड बनला. उन्हाळ्यात सड्यावर पाय ठेववत नाही. गवत करपलेले, माती बोटभरही नाही. पाहणाऱ्याने ‘ओसाड’ म्हणावे आणि पुढे चालू लागावे, असेच ते रूप असते.

परंतु मे महिना सरत येतो, वळवाच्या सरी कोसळतात आणि जांभ्याच्या खोलगट वाट्यांत ओंजळ-ओंजळ पाणी साचते. त्या रात्री सड्यावर एका इवल्या प्राण्याची हालचाल सुरू होते. एरवी दगडांच्या खाली आणि खडकाच्या फटींत दडून बसलेला हा जीव तीन-चार सेंटिमीटर लांबीचा असतो. पाठ मातकट तपकिरी, खरखरीत. आणि अंगाच्या दोन्ही कडांना झगझगीत पिवळ्या रंगाचे वेडेवाकडे पट्टे. चिखलाच्या गोळ्याला कोणी हळदीची बोटे पुसावीत, तसे ते दिसतात. खरखरीत कातडीच्या बेडकांना मराठीत ‘भेक’ म्हणतात, म्हणून याला आपण आंबोलीचा भेक म्हणू.

शास्त्राने त्याची दखल घेतली ती अगदी अलीकडे, २००९ साली. दिल्ली विद्यापीठातील बेडकांचे प्रसिद्ध अभ्यासक सत्यभामा दास बिजू, बेल्जियममधील फ्रँकी बोसुइट, आपल्याकडील सरीसृप व उभयचरांचे अभ्यासक वरद गिरी आणि त्यांचे सहकारी यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याला नाव दिले ‘झँथोफ्राइन टायगरिना’. यातील ‘झँथोस’ म्हणजे ग्रीक भाषेत पिवळा आणि ‘फ्राइन’ म्हणजे भेक. पुढचा शब्द वाघाच्या पट्ट्यांवरून आला. तेव्हा बोटभर प्राण्याच्या वाट्याला वाघाचे नाव आले आहे, हे खरे. त्याचा एकच सख्खा भाऊबंद माहीत आहे. तो कोयनेचा भेक. १९६३ साली, कोयनेच्या खोऱ्यात धरणाचे मोठे काम चालू असताना, सोमण या संशोधकांनी त्याचे वर्णन केले होते. पुढे सेहेचाळीस वर्षे तो इतर सामान्य भेकांच्या गोतात मोडला जात होता. आंबोलीचा भेक सापडला, दोघांची शरीरे व आनुवंशिक द्रव्य ताडून पाहिले, तेव्हा ध्यानात आले की या दोघांचे घराणेच निराळे आहे. ज्याला शास्त्रज्ञ ‘प्रजाती’ म्हणतात, ती या दोघांसाठी नव्याने मांडावी लागली. जगाच्या पाठीवर या प्रजातीचे सदस्य सह्याद्रीबाहेर कोठेही नाहीत.

या प्राण्याची संसाराची रीतही पाहण्यासारखी आहे. सामान्य भेक तळ्यात किंवा डबक्यात हजारो अंड्यांच्या लांबच लांब माळा सोडतात. त्यांतली बहुतेक माशांच्या पोटात जातात, उरतील ती जगतात. आंबोलीच्या भेकाने हा मार्ग सोडला आहे. त्याची मादी जांभ्यावरच्या उथळ वाटीत काही दहांच्या घरातच अंडी घालते. त्या वाटीत मासा येऊ शकत नाही, हा लाभ. पण पावसाने चार दिवस दडी मारली, तर तापलेल्या खडकावर ते पाणी आटून जाते आणि त्याबरोबर सारे संपते. पाणी फार झाले, तर पिले वाहून जाण्याची भीती. म्हणजे पहिल्या सरी आणि मुसळधार पाऊस यांच्यामधल्या अरुंद फटीत या जिवाने आपला वंश बसवला आहे. दुसऱ्या कोणाला नको असलेली जागा त्याने घेतली, आणि त्या जागेच्या मोजमापाबरहुकूम आपले आयुष्य शिवून घेतले.

आपण मराठीत संकुचित दृष्टीच्या माणसाला ‘कूपमंडूक’ म्हणून हिणवतो. विहिरीबाहेरचे जग ज्याला ठाऊक नाही तो. पण ज्याचे सारे जग खरोखरच एका सड्याएवढे आहे, त्याला नावे कशी ठेवावीत? हा भेक आंबोलीच्या परिसरातील काही चौरस किलोमीटरांतच आढळला आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या यादीत त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ या गटात झाली, ती याच कारणाने. पसरलेल्या प्राण्यावर एका ठिकाणी संकट आले, तर तो दुसरीकडे तग धरतो. येथे दुसरे ठिकाणच नाही.

आणि संकट म्हणजे फार मोठे काही लागते, असेही नाही. पावसाळ्यात आंबोलीचे धबधबे पाहायला मोटारींची रीघ लागते. रस्ता ओलांडणारा बोटभर भेक चालकाला दिसत नाही. सपाट कातळ म्हटला की तेथे मोटारी उभ्या करण्याची सोय सुचते, विश्रामगृह सुचते. निदान जांभ्याचे चिरे काढणे तरी सुचतेच. कोल्हापूर जिल्ह्यातील काही सड्यांवर तर बॉक्साइटसाठी खाणी चालल्या. रान तोडले तर ओरड होते, कारण झाड पडलेले दिसते. सडा खणला तर कोणी विचारीत नाही. कारण तेथे मुळात काही नव्हतेच, अशी सर्वांची खात्री असते. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील एकोणचाळीस स्थळे जागतिक वारसा म्हणून घोषित केली. त्यांत महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चार आहेत, आंबोली नाही. पुढे २०२१ साली राज्य शासनाने आंबोलीच्या हिरण्यकेशी नदीच्या उगमाशी, तेथे सापडलेल्या एका नव्या माशासाठी, जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केले. एका लहान माशासाठी एवढे होऊ शकते, ही आशेची गोष्ट आहे.

येथे मला पुन्हा गुरुग्रामकडे वळावेसे वाटते. अरवलीच्या ‘गैरमुमकिन’ डोंगरांत दगडाच्या खाणी इतक्या बेसुमार चालल्या, की सर्वोच्च न्यायालयाला २००२ आणि २००९ साली त्या थांबवाव्या लागल्या. मागे उरलेल्या खड्ड्यांपैकी सुमारे ३९० एकरांवर, २०१० पासून, महानगरपालिका आणि नागरिक यांनी मिळून अरवलीचे मूळचे रान पुन्हा उभे केले. धौ, सालई अशा झाडांचे बी शोधून आणले, रोपे केली, लावली, जगवली. २०२२ साली त्या वनाला राष्ट्रीय पातळीवर मान्यताही मिळाली. हे काम पाहून मन प्रसन्न होते. पण ते साधले कशामुळे? धौचे झाड अरवलीच्या इतर टेकड्यांवर जिवंत होते, म्हणून. एका ठिकाणी गमावलेले दुसऱ्या ठिकाणाहून आणता आले. आंबोलीचा सडा एकदा खणला, तर त्या भेकाचे बी आणायला आपण कोणत्या डोंगरावर जाणार? काही चुका दुरुस्त होतात आणि काही होत नाहीत. हा फरक चूक करण्यापूर्वी ओळखावा लागतो, एवढेच माझे म्हणणे आहे.

आपल्यापैकी कोणी जूनच्या आरंभी आंबोलीस गेलात, तर रात्री घाटमाथ्यावर गाडी सावकाश चालवावी. सड्यावर गाडी चढवू नये. कुतूहलाने दगड उलटलाच, तर तो होता तसाच पुन्हा ठेवावा, कारण कोणाच्या तरी घराचे ते छप्पर असते. ज्यांच्या हाती जमिनीचे आराखडे आहेत, त्यांनी न पिकणाऱ्या खडकावर रेघ ओढण्यापूर्वी पावसाळ्याचे चार महिने तेथे कोण राहते, याची चौकशी करावी. सातबाऱ्याच्या त्या रकान्यात भेकाचे नाव लागायचे नाही, आणि त्याला त्याची गरजही नाही. त्याला हवे आहे ते ओंजळभर पाणी, आणि ते धरून ठेवणारा खडक जागच्या जागी.