मेट्रोच्या वाढीव मजल्यांवर कोण राहणार?

(स्वारगेट येथे कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



२९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट ही भुयारी मेट्रो सुरू झाली आणि त्याच दिवशी कात्रजपर्यंतच्या विस्ताराची पायाभरणीही झाली. एसटी, पीएमपी आणि मेट्रो एकाच चौकात आल्यामुळे येथील जमिनीचे मोल वाढले. हे मोल भूखंडमालकाने घाम गाळून निर्माण केलेले नाही; ते सार्वजनिक पैशातून उभे राहिले आहे. त्याचा वाटा समाजाकडे कसा परत येणार, हा खरा प्रश्न आहे.

राज्याने डिसेंबर २०२० मध्ये एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू केली. तिच्यानुसार मेट्रोलगत चटईक्षेत्र निर्देशांक ४ पर्यंत मिळू शकतो, आणि वाढीव भागासाठी बांधकाम व्यावसायिकाने अधिमूल्य भरावयाचे असते. नागपुरात मार्गाच्या दोन्ही बाजूंस ५०० मीटरचा पट्टा धरला आहे, तर पुण्यात स्थानकाभोवतीचे ५०० मीटर. अहमदाबादेत मेट्रो व जलद बसमार्गाच्या दुतर्फा अवघे २०० मीटर, निर्देशांक तोच ४. यांत पुण्याची रीत मला अधिक शहाणपणाची वाटते. प्रवासी स्थानकात चढतो, दोन स्थानकांमधल्या खांबावर नव्हे!

परंतु हे सारे नियम इमारत किती उंच असावी ते सांगतात. तिच्यात कोण राहील याबाबत ते फारसे बोलत नाहीत. रुंद रस्त्यावरील मोठ्या भूखंडाला सर्वाधिक लाभ, गल्लीतील लहान भूखंडाला कमी. दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी २० टक्के घरांची अट आहे, पण ती ४,००० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडांना. जुन्या पेठांत असे भूखंड किती सापडणार? लहान घर म्हणजे स्वस्त घर, असेही कोणी समजू नये. स्थानकाशेजारचे लहान घर मार्केटयार्डातील हमालाला परवडत नाही. ते गुंतवणूकदार घेतो आणि कुलूप लावतो.

अमेरिकेतील लॉस एंजेलिससारख्या बाजारनिष्ठ शहरानेही २०१६ च्या सार्वमतानंतर स्थानकापासून अर्ध्या मैलाच्या आत वाढीव बांधकामाची सवलत कमी उत्पन्नाच्या घरांच्या ठराविक हिश्श्याशी जोडली. हिस्सा वाढवा, सवलत वाढेल. आपल्याकडे पैसे भरले की सवलत मिळते. शिवाजीनगरच्या कामगार पुतळा वसाहतीतील कुटुंबांना तर मेट्रोसाठी विमाननगर, हडपसरकडे जावे लागले. ज्यांना सार्वजनिक वाहतुकीची सर्वाधिक गरज, तेच स्थानकापासून दूर गेले.

यावर काही मित्र म्हणतात, उंच बांधकामच नको. हे मला मान्य नाही. स्वारगेटला घरे झाली नाहीत तर शहर वाघोली-उंड्रीकडे पसरेल आणि कष्टकऱ्याचे दोन तास रस्त्यावर जातील. १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा महाराष्ट्राने २००७ मध्ये सोडून दिल्यावर जमिनीवर समाजाचा हक्क सांगण्याची जी थोडी साधने उरली, त्यांतील हे वाढीव चटईक्षेत्र एक आहे. ते नाकारू नये, त्याची किंमत घरांच्या रूपात वसूल करावी. वर्तुळातील प्रत्येक वाढीव परवान्यात भूखंड लहान असला तरी परवडणाऱ्या, शक्यतो भाड्याच्या घरांचा हिस्सा हवा. आणि किती अधिमूल्य आले, ते कोठे खर्च झाले, हे क्षेत्रीय कार्यालयाच्या फलकावर लागले पाहिजे.

नियमांतील फेरबदल १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली होतो आणि हरकतींसाठी एक महिना मिळतो. दांडेकर पूल, लोहियानगर, गुलटेकडी येथील शाखांनी हरकतींचे मसुदे आतापासूनच तयार ठेवावेत; सूचना निघाल्यावर लिहावयास बसलो तर तो महिना सह्या गोळा करण्यातच संपतो.