फडताळांतील सुटे भाग



सालेकसा तालुक्यांतील एखाद्या रानाकडच्या गांवीं रुग्णांची ने-आण करणारी भाड्याची मोटार पंख्याच्या पट्ट्यावांचून अडली, अशी कल्पना करा. मालक आगगाडीनें गोंदियास जाऊन विक्रेत्याचें दुकान गांठतो. हिशेबांत पट्टा शिल्लक दिसतो. फडताळांत मात्र सांपडत नाहीं. हरवलेली वस्तु आणि मुळांत नसलेली वस्तु यांत त्या गृहस्थास कोणता भेद वाटावा?

म्हणून प्रत्येक सुट्या भागास दोन खुणा हव्यात: कारखान्याचा क्रमांक, आणि रांग, फडताळ व खण सांगणारा पत्ता. केवळ नांवावर विसंबूं नये. एकाच नांवाचे भाग गाडीगणिक निराळे असतात. त्यासाठीं सांगाड्यावरील क्रमांक पाहावा. अमेरिकेंत १९८१ पासून सक्तीचा झालेल्या व आतां आपल्याकडेही रूढ असलेल्या या १७ चिन्हांच्या क्रमांकांत आय, ओ आणि क्यू हीं अक्षरें मुद्दाम वगळलीं आहेत. एक व शून्य यांशीं त्यांची गल्लत होऊं नये, हा हेतु.

रोज खपणारे भाग खिडकीजवळ असावेत. रबरी वस्तूंची जुनी खेप आधीं द्यावी; पडून राहिल्यानें रबर कडक होतें. वर्षाकाठच्या मोजणीवर न थांबतां रोज थोडे खण मोजावेत, म्हणजे चूक ताजी असतांनाच सांपडते.

संगणक आला, तरी त्यास आपण सांगूं तेवढेंच कळतें. घाईंत भलत्या खणांत टाकलेला पट्टा त्यास दिसत नाहीं. त्याची किंमत मात्र दूरच्या गांवीं वाट पाहणारा रुग्ण देतो.