संगणकाची कार्यप्रणाली मोठ्या हार्ड डिस्कवर नेताना

(पळसदेव येथे प्राथमिक शिक्षकांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



भीमेच्या काठच्या एका शाळेची हकीकत प्रथम सांगण्यासारखी आहे. त्या शाळेचा संगणक दिवसेंदिवस मंद होत गेला होता, कारण त्याची हार्ड डिस्क काठोकाठ भरली होती. मुख्याध्यापकांनी तो तालुक्याच्या गावी दुरुस्तीस दिला. तेथील कारागीर म्हणाला, "फॉरमॅट मारावा लागेल गुरुजी, मोठी डिस्क टाकून देतो." दोन दिवसांनी संगणक परत आला तो अगदी चपळ होऊन. परंतु शिक्षकांनी शाळा व्यवस्थापन समितीची जुनी इतिवृत्ते उघडली, तेव्हा पडद्यावर मराठीचे एकही अक्षर दिसेना. रोमन अक्षरांचा व चिन्हांचा नुसता सडा पडलेला. कित्येक वर्षांची निकालपत्रके तर मुळी आलीच नव्हती. जुनी डिस्क कोठे आहे म्हणून चौकशी केली, तो ती भंगारात गेलेली. यात कोणाचाही हेतू वाईट नव्हता. काय काय हलवावयाचे आहे, एवढे मात्र कोणी कोणास विचारले नव्हते.

स्थलांतर म्हणजे काय हे पळसदेवास शिकवावयास नको. उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले आणि जुने गाव यशवंतसागराच्या पाण्याखाली गेले. गाव नव्या जागी वसले. भांडीकुंडी बैलगाडीत घालून नव्या गावठाणात आणली, एवढ्याने गाव हलत नाही, हे त्या पिढीतील माणसे चांगले जाणतात. नव्या जागेस क्रमांक लागावा लागतो, उताऱ्यावर नाव चढावे लागते, टपालवाल्यास घर ठाऊक व्हावे लागते. संगणकाचेही असेच आहे. फायली म्हणजे भांडीकुंडी होत. कार्यप्रणाली, जिला सर्वजण ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात, ती मात्र तिच्या पत्त्यासकट हलवावी लागते.

हा पत्ता कोठे असतो? संगणकाची कळ दाबताच त्यातील मूळ यंत्रणा प्रथम डिस्कवरील एका ठराविक जागी जाते. तेथे एक लहानशी आज्ञावली असते. तिचे काम एवढेच, की विंडोज अथवा लिनक्स डिस्कच्या कोणत्या विभागात नांदत आहे ते शोधून तिला जागे करणे. हा विभाग ती त्याच्या ओळखक्रमांकावरून शोधते. एखाद्या शिक्षकाने सर्व फायली निवडून नव्या डिस्कवर उतरविल्या, तर ही आज्ञावली जात नाही, ओळखक्रमांक जात नाहीत, आणि चालू असलेल्या विंडोजने कुलूपबंद केलेल्या फायलीही जात नाहीत. परिणामी डिस्क भरलेली दिसते, पण संगणक काही सुरू होत नाही. काही शाळांत विंडोजच्या शेजारी उबुंटू किंवा सी-डॅक संस्थेने भारतीय भाषांसाठी सिद्ध केलेली बॉस ही प्रणाली असते. तेथे तर दोन बिऱ्हाडे एका दारातून येजा करीत असतात. ते दार मागे राहिले की दोन्ही अडतात.

यास्तव फायलींची नव्हे, तर संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत काढावी. क्लोनझिला ही तैवानमध्ये सिद्ध झालेली विनामूल्य आज्ञावली या कामी उत्तम आहे. ती पेन ड्राइव्हवरून चालते, म्हणजे घरातील माणसे निजलेली असतानाच घर हलविता येते. ती डिस्कचा वापरात असलेला भागच उचलते, त्यामुळे वेळ वाचतो. जुन्या यूएसबी जोडणीतून सेकंदास ३० मेगाबाइट या वेगाने ५०० गिगाबाइटची डिस्क संपूर्ण उतरविण्यास चार तासांहून अधिक वेळ लागेल. त्यातील १२० गिगाबाइटच वापरात असतील तर सव्वा तासाच्या आसपास काम उरकते. (१९५६ साली आयबीएमने जी पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली, तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सर्वांवर मिळून ५० लाख अक्षरे मावत. आजच्या मोबाइलने काढलेले सहलीचे दोन फोटोही त्या धुडात मावले नसते.)

या कामातील खरा धोका एकच आहे, आणि तो यंत्राचा नसून माणसाचा आहे. क्लोनझिला विचारते : कोणत्या डिस्कवरून घ्यावयाचे आणि कोणत्या डिस्कवर लिहावयाचे? येथे उलट उत्तर दिले तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि शाळेचे दप्तर क्षणार्धात पुसले जाते. म्हणून दोन्ही डिस्कवर छापलेला नमुना-क्रमांक व आकार आधी कागदावर लिहून घ्यावा. एका शिक्षकाने कागद मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने पडदा पाहून कळ दाबावी. हा खटाटोप पोरकट वाटेल. तथापि तो टाळू नये. मध्येच वीज गेली तर मात्र घाबरण्याचे कारण नाही. मूळ डिस्क केवळ वाचली जात असते. वीज आली की काम पहिल्यापासून आरंभावे.

पूर्वतयारीच्या दोन गोष्टी. विंडोज बंद करताना शिफ्टची कळ दाबून ठेवून पूर्ण बंद करावे, नाहीतर ती अर्धवट झोपेत राहते. बिटलॉकरचे कुलूप असेल तर त्याची ४८ अंकी किल्ली आधी उतरवून घ्यावी आणि कुलूप काढून टाकावे. जुनी डिस्क खरखर आवाज करीत असेल तर आधी निकालपत्रकांसारख्या अमोल फायली पेन ड्राइव्हवर घ्याव्यात आणि मगच प्रतीच्या कामास हात घालावा.

प्रत पुरी झाल्यावर संगणक बंद करून जुनी डिस्क सोडवून ठेवावी आणि नवी एकटीच जोडून सुरू करावी. दोघींचे ओळखक्रमांक आता एकच असल्यामुळे दोन्ही जोडलेल्या राहिल्या तर संगणकाचा गोंधळ उडतो. नव्या डिस्कवरील वाढीव जागा प्रारंभी शेवटास मोकळी पडलेली दिसते. ती सी विभागास जोडू गेल्यास विंडोज बहुधा नकार देते, कारण मध्ये दुरुस्तीचा एक लहान विभाग आडवा पडलेला असतो. जीपार्टेड या आज्ञावलीने तो शेवटास सरकवावा. उतावळेपणाने पुसू नये. डिस्क २ टेराबाइटहून मोठी असेल आणि विभागांची मांडणी एमबीआर या जुन्या पद्धतीची असेल, तर वरची जागा वापरताच येत नाही. शाळेस एवढी मोठी डिस्क क्वचितच लागते, तेव्हा ती न घेणेच शहाणपणाचे.

आरंभीच्या शाळेकडे पुन्हा वळावे लागते. तिची इतिवृत्ते नष्ट झाली नव्हती. हरवला होता तो फाँट. युनिकोड सर्वत्र रूढ होण्यापूर्वी शाळाशाळांतून मराठी टंकलेखन कृती देव, शिवाजी, श्री-लिपी अशा फाँटांत होत असे. त्यांत फाइलीत साठते ते रोमन अक्षर, आणि त्यावर मराठी रूप चढविण्याचे काम फाँट करतो. नवी विंडोज कोरी बसविली की फाँट जातो आणि मागे उरते ते रोमन जंजाळ. संपूर्ण प्रत काढली असती तर फाँटही सोबत आला असता. आजही तो फाँट पुन्हा बसविला तर ती इतिवृत्ते वाचता येतील. निकालपत्रकांना मात्र हा उपाय नाही. विद्यार्थ्यांच्या सरल व यू-डायसवरील नोंदी आणि शालार्थची वेतनपत्रके शासनाच्या सर्व्हरवर असतात, त्यांची चिंता शाळेने करू नये. चिंता करावी ती शाळेतच जन्मलेल्या आणि शाळेतच राहिलेल्या कागदांची.

प्रत काढणे सर्वदा इष्टच असते असेही नाही. संगणकास विषाणूची बाधा झालेली असेल तर जुन्या बाजेबरोबर ढेकूणही नव्या घरी येतात. अशा वेळी फायली व फाँट बाजूस काढून कोरी प्रणाली बसविणेच बरे. तसेच विंडोज १० ची सुरक्षेची सर्वसाधारण सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ किमान ६४ गिगाबाइट जागा मागते. पण त्याबरोबर टीपीएम २.० आणि नव्या पिढीचा प्रोसेसरही मागते. डिस्क मोठी केल्याने जुना संगणक विंडोज ११ ला पात्र होत नाही, हे खर्चाचा ठराव मांडण्यापूर्वीच समितीस सांगावे. तशा संगणकावर लिनक्स सुखाने चालते.

नवी डिस्क सुरू झाली म्हणजे लगेच हुश्श करू नये. एक जुने इतिवृत्त उघडावे, इनस्क्रिप्टने चार ओळी लिहाव्यात, शाळा सोडल्याच्या दाखल्याचा नमुना छापून पाहावा. दुसरी प्रणाली असेल तर तीही सुरू करून पाहावी. उन्हाळ्यात धरणाचे पाणी फार खाली उतरले की पळसनाथाचे जुने देऊळ वर येते आणि गावकरी ते पाहण्यास जातात. पुसलेल्या डिस्कवरून मात्र असे काही वर येईल या भरवशावर राहू नये. म्हणून जुनी डिस्क तारीख लिहून निदान महिनाभर कपाटात कुलपाखाली ठेवावी, आणि तेवढ्यात वार्षिक कामाची एखादी फेरी नव्या डिस्कवर पार पडू द्यावी. त्यानंतरही ती तशीच भंगारवाल्यास देऊ नये. तिच्यावर मुलांचे आधार क्रमांक आणि पालकांच्या बँक खात्यांची माहिती असते. ती आधी पूर्ण पुसावी, आणि पुसल्याची नोंद जडवस्तुसंग्रह नोंदवहीत तारखेसह करावी.