हातापासून यंत्राकडे

मोटारीच्या रंगाला हातानें चकाकी देणारा नवशिका प्रथमच यंत्र हातीं घेतो, तेव्हां त्यास वेगाचा मोह पडतो. परंतु आधुनिक मोटारीवरील पारदर्शक थर बहुधा ४०-५० मायक्रॉनच, म्हणजे केसाहूनही पातळ असतो. कडांवर तर तो अधिकच विरळ. ओरखडा बुजत नाहीं. भोंवतालचा थर त्याच्या तळापर्यंत घासला जातो. हात दमून थांबतो. यंत्र दमत नाहीं. म्हणून गाडी स्वच्छ धुवून, कडांस चिकटपट्टी लावून, सौम्य लेप प्रथम वीतभर जागेवरच वापरून पाहावा. फिरतां फिरतां थरथरणारें यंत्र नवशिक्यास बरें. अशा बहुतेक यंत्रांचें फिरणें दाब वाढतांच मंदावतें. गेलेला थर पॉलिशानें परत येत नाहीं. केव्हां थांबावें हें उमगणें, हीच या कामांतली खरी विद्या होय.