चेंडूफळीच्या मैदानावरील शुभांगीबाई कुलकर्णी

किल्लारीसारख्या गांवांत लगोरी वा खोखो खेळणारी मुलगी कोणाच्या डोळ्यांवर येत नसे. परंतु तिनें हातीं बॅट घ्यावी, ही कल्पना शहरांतील सुशिक्षित घरांतही चमत्कारिक वाटे. अमेरिकेंत च्युइंगगमचे कारखानदार फिलिप रिग्ली यांनीं १९४३ सालीं स्त्रियांची बेसबॉलची मालिका उभारून खेळणाऱ्या मुलींस आठवड्याचा पगार बांधून दिला; ती १९५४ पर्यंत चालली. आपल्याकडे पगार तर राहोच, रेल्वेंत बसावयास जागा मिळण्याचीही वानवा होती.

१९७३ सालीं महिला क्रिकेटची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली व तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धा पुण्यास भरली. संघ आले किती? अवघे तीन: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश! ह्याच पुण्यांत १९५९ सालीं शुभांगीबाईंचा जन्म झाला. त्यांनीं पत्करलें तें लेगब्रेकचें, म्हणजे मनगटाच्या फिरकीचें काम. त्यांत बळाला फारसें स्थान नाहीं. मार खाऊनही पुढचा चेंडू तितक्याच शांतपणें टाकावा लागतो.

३१ ऑक्टोबर १९७६ रोजीं बंगळूर येथें वेस्ट इंडीजविरुद्ध भारतीय स्त्रियांचा पहिला कसोटी सामना सुरू झाला, तेव्हां त्या सतरा वर्षांच्या होत्या. पहिल्याच डावांत त्यांनीं पांच गडी टिपले. त्याच मालिकेंत पाटण्यास भारताला पहिला विजय लाभला.

प्रेक्षक जमले, टाळ्या पडल्या. पैसा मात्र आला नाहीं. अनारक्षित डब्यांतून प्रवास, वसतिगृहांत जमिनीवर निजणें, बॅटी एकमेकींत वाटून घेणें, आणि पुष्कळदां खर्चही पदरचाच. अशा स्थितींत शुभांगीबाई १९९१ पर्यंत खेळल्या. एकोणीस कसोट्यांत साठ बळी, १९८५ सालीं अर्जुन पुरस्कार, १९८६ सालीं इंग्लंडांत संघाचें नेतृत्व. धंदा म्हणून नव्हे, तरी धंद्याइतक्याच निष्ठेनें!

पुढें त्या संघटनेच्या चिटणीस झाल्या, आणि २००६ सालीं ती पुरुषांच्या क्रिकेट नियामक मंडळांत विलीन झाली. स्त्रियांनीं हालअपेष्टांत जोपासलेली संस्था परक्यांच्या हातीं सोंपविणें सोपें नव्हतें. आपला कारभार जाणार, हें उघड होतें. पण मुलींना मैदानें व प्रवासाची सोय अन्य मार्गानें मिळतीना, हेंही तितकेंच खरें. फळ लागलीच आलें नाहीं. वार्षिक करार २०१५ सालीं, पुरुषांइतकें सामन्याचें मानधन २०२२ सालीं. आणि २०२३ सालीं सांगलीच्या स्मृती मानधना हिच्यावर तीन कोटी चाळीस लाखांची बोली लागली.

२ नोव्हेंबर २०२५ रोजीं नवी मुंबईंत दक्षिण आफ्रिकेस ५२ धावांनीं हरवून भारतीय मुलींनीं विश्वचषक जिंकला. बंगळूरची ती पहिली कसोटी संपली, तीही २ नोव्हेंबरलाच.