पुढचं तिकीट जहाजावरच काढावं का?

(दहावी १९९५ तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



तीस वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये निरोप समारंभाला माझं भाषण दोन वाक्यांत संपलं होतं, कारण तिसरं आठवेना. म्हणून आज कागद आणलाय.

विषय मी निवडलेला नाही. आपल्यातली चार जोडपी सिंगापूरहून क्रूझ करून आली, हे ग्रुपवरच्या साडेतीनशे फोटोंमुळे सगळ्यांना माहीत आहे. परतायच्या आदल्या संध्याकाळी दोघांनी जहाजावरच पुढच्या क्रूझचं बुकिंग केलं. दोघांनी केलं नाही. तेव्हापासून "स्वस्तात मिळालं" आणि "तुम्हाला गंडवलं" असा सामना ग्रुपवर चालू आहे. त्यात पन्नाशीला सगळ्यांनी मिळून क्रूझला जायचं घाटतंय. आयोजक म्हणाले, तू तीन क्रूझ केल्यास, इंजिनिअर आहेस, तूच काय तो निकाल दे. निकाल द्यायची माझी पात्रता नाही. पण या प्रश्नात मी एकदा पैसे घालवलेत आणि एकदा काहीतरी कमावलंय. ते दोन्ही सांगते.

आधी हा प्रकार काय असतो ते. मोठ्या जहाजांवर पुढच्या सफरींचं एक काउंटर असतं. शेवटच्या दोन दिवसांत तिथे गर्दी होते. आता बुकिंग केलंत तर ठेव कमी भरावी लागेल, शिवाय पुढच्या सफरीत जहाजावर खर्च करायला काही डॉलर आमच्याकडून, असं सांगतात. हे खोटं नसतं. सवलत खरी असते. दीड-दोन वर्षांनंतरच्या सफरीही तेव्हाच खुल्या असतात, त्यामुळे हवी ती खोली मिळते. पण आपण त्या काउंटरवर कधी उभे असतो ते बघा. चार दिवस स्वयंपाक नाही, भांडी नाहीत, फोनला रेंज नाही, समोर समुद्र. अशा वेळी माणूस कशालाही हो म्हणतो. आमच्या धंद्यात एक नियम आहे, शुक्रवारी संध्याकाळी नवीन प्रोग्रॅम चालू करायचा नाही. सगळे खुशीत असतात, कोणी नीट तपासत नाही आणि सोमवारी निस्तरावं लागतं.

२०१८ साली मी तेच केलं. नवरा, मुलगी आणि मी सिंगापूरहून गेलो होतो. पहिलीच क्रूझ, डोकं हवेत. शेवटच्या रात्री ग्रीसची सफर बुक करून टाकली, पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरची. सगळ्यात कमी भाव घेतला. तो भाव कमी का, हे खालच्या ओळीत लिहिलं होतं: ठेव परत मिळणार नाही. मी सही केली. गणिताचे सर वर्षभर घसा फोडून सांगायचे, आधी प्रश्न पूर्ण वाचा. सर, माफ करा. पुढे मी नोकरी बदलली, नव्या ठिकाणी रजा मिळेना आणि तिघांची ठेव बुडाली. कंपनीला दोष नाही. तिने लिहून दिलं होतं, मी वाचलं नव्हतं.

तेव्हा ठरवलं, पुन्हा जहाजावर एक डॉलरही देणार नाही.

मग २०२३च्या जानेवारीत आई-बाबांना घेऊन गेले. बाबांना तुमच्यातले बरेच जण ओळखता. एसटीत कंडक्टर होते, चिपळूण डेपोला. सहलीच्या गाडीला ते असले की आपण मागच्या सीटवर नाचायचो नाही. त्यांना बोट नवी नव्हती. तरुणपणी ते दाभोळहून बोटीने मुंबईला, भाऊच्या धक्क्याला गेलेले. निघताना त्यांनी आल्याचा तुकडा खिशात ठेवला होता, बोट लागली तर म्हणून. मरिना बेच्या धक्क्यावर ते अजस्र जहाज बघितलं आणि म्हणाले, "हिला काय लागणार? ही गावच आहे." तरी आलं काही टाकलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांना ते काउंटर दिसलं. त्यांच्या लेखी ती आरक्षणाची खिडकी. रांग बघून स्वतः जाऊन उभे राहिले आणि मला हाक मारली, "बाय, पुढचं काढून ठेव." मी सगळं समजावलं. डॉलरमध्ये कार्ड वापरलं की बँक बहुधा दोन ते साडेतीन टक्के जास्त लावते, त्यावर जीएसटी. म्हणजे साडेतीन टक्क्यांनी हजार डॉलरवर एक्केचाळीस डॉलर तिथेच गेले. भाव पुढे उतरू शकतो. पासपोर्ट, व्हिसा, तब्येत. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गणपतीला आलेला चाकरमानी पिशवी घरात ठेवायच्या आधी परतीचं रिझर्वेशन करतो. का? नंतर गाडी मिळत नाही."

मी म्हटलं, "बाबा, परत जाणं भाग असतं. क्रूझ भाग नसते."

त्यावर ते काही बोलले नाहीत. नुसते रांगेत उभे राहिले.

काउंटरवर दोन पर्याय होते. एक, ठरावीक सफर, २०२४च्या ऑक्टोबरची, भाव चांगला, ठेव परत न मिळणारी. दुसरा, नुसती ठेव. माणशी शंभर डॉलर, सफर नंतर निवडायची, दोन वर्षांत निवडली नाही तर पैसे परत. प्रिन्सेस या कंपनीची पद्धत बरीच वर्षं अशीच आहे, माणशी शंभर डॉलर आणि दोन वर्षांची मुदत. आमची ठेवही त्याच जातीची होती. काही कंपन्या अशा ठेवीचे पैसे परत देत नाहीत, फक्त पुढच्या सफरीत वळते करतात. नाव सारखंच, अर्थ वेगळा. या वेळी मी अटी दोनदा वाचल्या आणि आई, बाबा आणि मी अशा तिघांच्या नावाने ठेव भरली.

बाबांनी ती पावती पेन्शनच्या कागदांच्या प्लॅस्टिक पिशवीत ठेवली. घरी आल्यावर एक जुनी डायरी काढली आणि वेबिल भरावं तशा रेघा मारल्या. तारीख, जहाज, कुठून कुठे, माणशी भाव. दर रविवारी मला फोन. "आज काय भाव?" मी लॅपटॉपवर बघून सांगायची, ते लिहून घ्यायचे. भाव कधी चढायचा, कधी उतरायचा. मग नकाशा. निवृत्तीनंतर दुपारी झोपणारा माणूस दुपारी पिरियस बंदर कुठे आहे ते शोधायला लागला. आईला सांगायचा, सँटोरिनीला बंदरापासून वर गावात जायला पाचशे अठ्ठ्याऐंशी पायऱ्या आहेत, पण घाबरू नको, केबल कार आहे.

२०२४च्या श्रावणात बाबा गेले. झोपेतच.

हे इथे का सांगते? रडवायला नाही. त्या जानेवारीत मी पहिला पर्याय घेतला असता तर काय झालं असतं, याचा हिशेब मी नंतर केला. क्रूझचा भाव माणशी सांगतात, पण तो एका खोलीत दोघं धरून असतो. एकट्या माणसाला बऱ्याचदा जवळजवळ दोघांचे पैसे पडतात. उरलेली रक्कम निघण्याच्या अडीच ते चार महिने आधी भरावी लागते आणि त्यानंतर रद्द केलं तर दंड वाढत वाढत पूर्ण रकमेपर्यंत जातो. ऑक्टोबरची सफर, श्रावणात बाबा गेले. म्हणजे पैसे भरून झालेले असते. तेराव्याच्या आधी मी मृत्यूचा दाखला जोडून विनंतीचे ईमेल लिहीत बसले असते. प्रत्यक्षात एक ईमेल लिहिला आणि बाबांच्या नावचे शंभर डॉलर परत आले.

हा झाला इंजिनिअरचा हिशेब. पण डायरीचा हिशेब त्यात बसत नाही. एकोणीस महिने दर रविवारी त्या माणसाकडे वाट बघायला काहीतरी होतं. जहाजावर मी हट्टाने "घरी जाऊन बघू" म्हटलं असतं, तर मला माझी खात्री आहे, मी घरी जाऊन काही बघितलं नसतं. घरी आलं की ऑफिस, मुलीच्या परीक्षा, पाण्याची टाकी. बाबांना ते माहीत होतं. परतीच्या रिझर्वेशनचा अर्थ मला उशिरा कळला.

डिसेंबरमध्ये आईला विचारलं, मुदत संपतेय, तुझे पैसे परत घेऊ का? ती म्हणाली, "माझे नको घेऊस." डायरीतली शेवटची नोंद पिरियसहून निघणाऱ्या सफरीची होती. तीच बुक केली. या वर्षी मे महिन्यात आई आणि मी एका खोलीत राहिलो. केबल कारने वर गेलो. तिच्या पर्समध्ये आल्याचा तुकडा होता.

तर ग्रुपवरच्या भांडणाचा माझ्यापुरता निकाल असा. जहाजावर वेळ विकत घ्या, सफर घेऊ नका. ठेव परत मिळणारी असेल, मुदत लांब असेल आणि रक्कम अडकली तरी घर अडणार नाही एवढी असेल, तर खुशाल भरा. तारीख, जहाज आणि खोली मात्र घरी बसून, रजेचा आणि मुलांच्या परीक्षांचा कागद समोर ठेवून ठरवा.

काउंटरवर चार गोष्टी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. ठेव परत मिळते का, की नुसती वळती होते? मुदत कधी संपते, आणि त्या तारखेपर्यंत फक्त बुकिंग करायचं की प्रवासही उरकायचा? नंतर भाव उतरला तर फरक मिळेल का? बऱ्याच ठिकाणी शेवटचा हप्ता भरेपर्यंतच मिळतो, आणि बुकिंग कोणत्या देशातून झालं यावरही ते ठरतं. चौथं, बुकिंग आपल्या नेहमीच्या ट्रॅव्हल एजंटकडे सोपवता येईल का? त्याचं नाव तिथेच सांगितलेलं बरं. काही कंपन्या ठरावीक दिवसांनंतर बदल करू देत नाहीत.

युरोपला जाणार असाल तर आणखी एक. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांपेक्षा आधी करता येत नाही. बुकिंग दीड वर्ष आधी झालेलं असलं, तरी व्हिसा मिळणार की नाही हे कळायला थांबावंच लागतं. आणि जहाज ग्रीसमधून तुर्कस्तानला जाऊन परत ग्रीसला येत असेल तर एकदाच प्रवेश देणारा व्हिसा चालत नाही, अनेक प्रवेशांचा लागतो. आमचं जहाज कुशादासीला थांबणार होतं, म्हणून हे अर्ज भरतानाच बघितलं.

ज्या दोघांनी बुकिंग केलं त्यांनी आज रात्री पावती काढून अटी वाचा. ज्यांनी केलं नाही त्यांनी खुशीत राहू नका, घरी जाऊन तुम्हीही काही बघणार नाही.

आता शेवटचं. गेल्या वेळी भेटलो तेव्हा सगळ्यांनी गळ्यात गळे घालून सांगितलं होतं, आता दरवर्षी भेटायचं. त्याला अकरा वर्षं झाली. त्या अकरा वर्षांत आपले दोन मित्र आणि तीन शिक्षक गेले. म्हणून आपल्या खजिनदाराशी मी सकाळीच बोलून घेतलंय. चहाच्या टेबलावर एक डबा आणि एक वही ठेवलीय. माणशी पाचशे रुपये, पुढच्या भेटीची ठेव. तारीख आज ठरवायची नाही, आज सगळे खुशीत आहेत. दोन वर्षांत भेट झाली नाही तर पैसे परत. अट वहीच्या पहिल्या पानावर लिहिलीय. सही करायच्या आधी वाचा. सर बघतायत.