सोडा त्यांचा, क्लोरीन कुणाचा?



ज्वारी काढली की दाणा येतो, कडबाही येतो. दोन्हींची जागा आपण आधीच ठरवतो. कारखान्यात तसं होतं का?

घणसोली हे ठाणे खाडीकाठचं गाव. 1960 च्या दशकात शेजारी एमआयडीसी आली. त्या ठाणे-बेलापूर पट्ट्यात मिठाच्या पाण्यात वीज सोडून कॉस्टिक सोडा काढत. याला विघटन म्हणतात. सोडा कामाचाच, आपल्या कापसाच्या सुताला त्यानं चकाकी येते. पण 80 किलो सोड्यामागं 71 किलो क्लोरीन निघतोच. वायू विषारी, त्याला गिऱ्हाईक शोधावंच लागतं. काही पाणी शुद्ध करायला गेला, काही पीव्हीसीच्या पाइपात. आणि देशोदेशी काहीचं डीडीटी, बीएचसी, एन्डोसल्फान झालं. यातली औषधं आपल्याच कपाशीवर फवारली गेली. बीएचसीवर 1997 साली बंदी आली, एन्डोसल्फानवर 2011 साली. तोवर नाकातोंडात गेलं त्याचा हिशेब कुणी मांडला?

कारखाना नको, असं आम्ही म्हणत नाही. कापूस विकायचा तर गिरणी हवी, गिरणीला सोडा हवा. आमचं म्हणणं एवढंच : तालुक्यात कारखाना येईल तेव्हा ग्रामसभेत विचारा, काय फोडणार? त्यातून काय काय निघणार? नको असलेलं कुठं जाणार? उत्तर लेखी घ्या. जमिनीचं बोलणं त्यानंतर.